कॅडिलॅक आणि लिंकनचा शिल्पकार

जुनी अमेरिकन मोटार विक्रीला निघते तेव्हा जाणकार ग्राहक आधी तिच्या रंगाकडे पाहत नाही. तो बॉनेट उघडायला लावतो. इंजिनावर कोरलेला क्रमांक कागदपत्रांतील क्रमांकाशी जुळतो का, भाग मूळचे आहेत का, बदलले असतील तर ते त्याच मापाचे आहेत का, हे तो बारकाईने तपासतो. गाडी वरून कितीही चकचकीत असली, तरी या परीक्षेत उतरली नाही की तिचा भाव पडतो. १९५२ मध्ये स्थापन झालेला क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका १९१५ ते १९४८ या काळातील निवडक उंची गाड्यांनाच 'क्लासिक' म्हणतो. त्या मानाच्या यादीत कॅडिलॅक आणि लिंकन ही दोन नावे आहेत. पुढे जन्मभर एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या या दोन्ही मोटारींची पायाभरणी एकाच माणसाने केली होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्या माणसाचे नाव हेन्री मार्टिन लेलँड. पहिली कंपनी त्यांनी मानाने विकली; दुसरी त्यांच्या डोळ्यांदेखत लिलावात गेली.

लेलँड यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८४३ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची. शाळेचे शिक्षण लवकर सुटले आणि पोरवयातच मॅसेच्युसेट्समधील वूस्टर गावी कापडाचे माग तयार करणाऱ्या कारखान्यात त्यांनी उमेदवारी पत्करली. ते अठरा वर्षांचे झाले त्या सुमारास अमेरिकेत यादवी युद्धाचा वणवा पेटला. या युद्धाच्या काळात त्यांनी स्प्रिंगफिल्ड येथील सरकारी शस्त्रागारात काम केले. उत्तरेच्या सैन्याला लागणाऱ्या बंदुका तेथे तयार होत. १८६४ मध्ये त्यांना मतदानाचा हक्क मिळाला, तेव्हा आयुष्यातले पहिले मत त्यांनी अब्राहम लिंकन यांना दिले. ही निष्ठा त्यांनी पुढे अर्धशतक जपली.

शस्त्रागारात त्यांना जे शिकायला मिळाले, ते कोणत्याही महाविद्यालयात मिळाले नसते. पूर्वी प्रत्येक बंदूक ही कारागिराची स्वतंत्र कृती असे. एका बंदुकीचा घोडा दुसरीला बसत नसे. बसवायचा तर कानशीने घासून घासून बसवावा लागे. रणांगणावर हे परवडणारे नव्हते. म्हणून प्रत्येक भाग ठरलेल्या मापाचाच करायचा आणि कोणत्याही बंदुकीचा भाग कोणत्याही बंदुकीला चालला पाहिजे, असा दंडक शस्त्रागाराने घातला होता. युद्धानंतर लेलँड काही काळ हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्यात होते. तिथेही पिस्तुले याच तत्त्वावर घडवली जात. सुटे भाग परस्परांत बदलता येणे ही कल्पना त्यांच्या मनात रुजली ती कायमची.

१८७२ मध्ये ते प्रॉव्हिडन्स येथील ब्राऊन अँड शार्प या कंपनीत दाखल झाले. सूक्ष्ममापक उपकरणे आणि यंत्रे बनवण्यात या कंपनीचा लौकिक मोठा होता. इंचाचा हजारावा भाग मोजणे हा तिथला रोजचा व्यवहार. शिवणयंत्रांच्या विभागाची जबाबदारी लेलँड यांच्याकडे आली आणि उत्पादनाचा दर्जा उंचावतानाच खर्च कसा आटोक्यात ठेवायचा, याचे धडे त्यांनी तिथे गिरवले. केशकर्तनालयांत वापरल्या जाणाऱ्या हातातल्या मशीनच्या जडणघडणीचे श्रेयही त्यांनाच दिले जाते.

अशी अठरा वर्षे काढल्यावर वयाच्या ४७ व्या वर्षी, १८९० मध्ये, त्यांनी नोकरी सोडून डेट्रॉईट गाठले. लाकडाच्या व्यापारात पैसा कमावलेले रॉबर्ट फॉकनर भांडवल घालायला तयार झाले आणि लेलँड यांनी स्वतःची यंत्रशाळा काढली. पुत्र विल्फ्रेड वडिलांच्या मदतीला आला आणि व्यवसायात त्यांचा उजवा हात बनला. यंत्रशाळेत गिअर, सायकलींचे भाग, बोटींची इंजिने तयार होऊ लागली. लेलँड फॉकनरचा माल म्हणजे मापात चोख, असा बोलबाला झाला. मापात किंचितही फरक आढळला तर माल मोडीत काढायला ते मागेपुढे पाहत नसत.

त्या सुमारास डेट्रॉईटमध्ये मोटारींचे नवे युग उजाडत होते. रॅन्सम ओल्ड्स यांच्या ओल्ड्समोबिल गाडीला मोठी मागणी होती. मार्च १९०१ मध्ये त्यांचा कारखाना आगीत भस्मसात झाल्यावर बरेचसे भाग बाहेरून करून घेण्याची वेळ आली. इंजिनांचे एक कंत्राट लेलँड यांना मिळाले. आराखडा तोच, पण लेलँड यांच्या यंत्रशाळेतून आलेले इंजिन अधिक ताकदीचे निघाले, कारण त्यातील भाग एकमेकांशी अधिक नेमके जुळत होते आणि घर्षणात वाया जाणारी शक्ती वाचत होती. एवढ्यावर न थांबता लेलँड यांनी आराखड्यातच सुधारणा करून आणखी शक्तिशाली इंजिन तयार केले. परंतु त्यासाठी उत्पादनाची घडी बदलावी लागली असती. ओल्ड्सची मंडळी नकार देऊन मोकळी झाली. इंजिन यंत्रशाळेतच पडून राहिले.

नियतीने त्या इंजिनासाठी वेगळीच वाट आखली होती. १९०२ च्या मार्चमध्ये हेन्री फोर्ड आपल्याच नावाच्या कंपनीतून भागीदारांशी मतभेद होऊन बाहेर पडले. विल्यम मर्फी आणि लेम्युएल बोवेन या भांडवलदारांनी कंपनी गुंडाळण्याचे ठरवले आणि यंत्रसामग्रीची किंमत ठरवण्यासाठी लेलँड यांना बोलावले. विक्रीचा अंदाज द्यायला आलेल्या या तज्ज्ञाने किंमत तर काढून दिलीच, पण कारखाना मोडू नका, आपल्याकडचे इंजिन घेऊन मोटार बनवा, असा सल्लाही दिला. सल्ला मानला गेला. डेट्रॉईट शहराची स्थापना १७०१ मध्ये करणाऱ्या अँटवान द ला मॉथ कॅडिलॅक या फ्रेंच अधिकाऱ्याचे नाव कंपनीला देण्यात आले. फोर्ड यांनी सोडलेल्या जागी लेलँड यांची कॅडिलॅक उभी राहिली. वीस वर्षांनी हा डाव नेमका उलटणार होता.

जानेवारी १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात कॅडिलॅक झळकली. विक्रीप्रमुख विल्यम मेट्झगर यांनी तिथल्या तिथे २,२८६ गाड्यांची मागणी नोंदवून घेतली आणि गाड्या संपल्याचे जाहीर करून टाकले. दोन माणसे बसतील अशा या गाडीची किंमत ७५० डॉलर होती. हळूहळू कंपनीची सर्व सूत्रे लेलँड पिता-पुत्रांच्या हाती आली आणि त्यांची शिस्त कारखान्यात भिनली. उंच बांधा, पांढरी शुभ्र दाढी, काटेकोर धार्मिक आचरण आणि दारूचा तिटकारा यांमुळे लेलँड कामगारांना एखाद्या धर्मगुरूसारखेच भासत. शहराचा कारभार स्वच्छ व्हावा म्हणून नागरिकांची चळवळ उभारणारे लेलँड कामगार संघटनांना मात्र कडाडून विरोध करत, ही त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी.

त्यांच्या काटेकोरपणाची चुणूक आल्फ्रेड स्लोन यांनाही मिळाली. पुढे जनरल मोटर्सचे सर्वेसर्वा झालेले स्लोन तेव्हा बेअरिंग बनवणाऱ्या एका कंपनीचे तरुण चालक होते. त्यांनी पाठवलेल्या बेअरिंगबद्दल तक्रार झाली आणि त्यांना लेलँड यांच्यासमोर हजर व्हावे लागले. लेलँड यांनी मायक्रोमीटर काढून एकेक बेअरिंग मोजून दाखवले. कोणतेही दोन तंतोतंत सारखे नव्हते. हजारो गाड्या बनवायच्या तर पहिली आणि शेवटची यांत फरक असता कामा नये, हा धडा स्लोन त्या दिवशी शिकले आणि तो त्यांनी नंतर आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितला.

या काटेकोरपणाची जाहीर कसोटी १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये लागली. अमेरिकन माल म्हणजे स्वस्त आणि ओबडधोबड, असा युरोपचा त्या काळी समज होता. कॅडिलॅकचे लंडनमधील विक्रेते फ्रेडरिक बेनेट यांनी तो खोडून काढायचे ठरवले. रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या अधिकाऱ्यांनी गोदामातील आठ गाड्यांपैकी कोणत्याही तीन निवडल्या. ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर नेऊन त्या पूर्णपणे खोलण्यात आल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग निघाले. सगळ्या भागांचा एकच ढीग करून ते बेमालूम मिसळण्यात आले. त्यांतील ८९ भाग काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातील नवे भाग ठेवले गेले. मग फक्त पाने आणि स्क्रू ड्रायव्हर वापरून त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडायच्या होत्या. कानस वापरायला सक्त मनाई होती. गाड्या जोडल्या गेल्या तेव्हा त्यांचे रंग एकमेकांत मिसळून त्या ठिगळे लावल्यासारख्या दिसत होत्या, पण तिन्ही सुरू झाल्या आणि धावपट्टीवर ५०० मैल विनातक्रार धावल्या. त्यांतल्या एका गाडीने त्याच वर्षी दोन हजार मैलांच्या चाचणीत आपल्या गटात पहिला क्रमांक पटकावला. मानाची ड्यूअर ट्रॉफी त्या वर्षी कॅडिलॅकला मिळाली. अमेरिकन मोटारीला हा बहुमान प्रथमच लाभत होता.

या प्रयोगाचे महत्त्व करंडकापुरते नव्हते. तोवर गाडीचा एखादा भाग तुटला, तर तो नव्याने घडवून किंवा घासून बसवण्यावाचून गत्यंतर नसे. आता नवा भाग मागवायचा आणि बसवायचा, एवढेच उरले. गाडी दीर्घकाळ राखता येणे आणि पुढे तिला चांगला भाव मिळणे, या दोहोंचे मूळ त्या ढिगात होते. स्वीडनचे कार्ल जोहान्सन यांनी तयार केलेले मोजमापाचे अतिसूक्ष्म पोलादी ठोकळे अमेरिकेत ज्यांनी सर्वप्रथम मागवले, त्यांत लेलँड होते, यात नवल नाही.

१९०९ मध्ये जनरल मोटर्सचे संस्थापक विल्यम ड्युरंट यांनी कॅडिलॅक विकत घेतली. लेलँड यांनी घाई केली नाही. मनाजोगी किंमत येईपर्यंत ते थांबले. शिवाय कंपनी आपल्याच पद्धतीने चालवू देण्याचे आश्वासन त्यांनी मिळवले आणि ड्युरंट यांनी ते पाळले. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्स कर्जाच्या गाळात रुतली, तेव्हा बँकांनी तिला तारावे म्हणून लेलँड पिता-पुत्रांनी आपली पत पणाला लावली. कॅडिलॅकचा नफा हाच तेव्हाचा सर्वांत मोठा आधार होता.

मोटार सुरू करायला त्या काळी पुढचे हँडल मारावे लागे. हँडल उलटे फिरले तर हात मोडत असे. लेलँड यांचे स्नेही बायरन कार्टर १९०८ मध्ये वारले. बंद पडलेल्या एका कॅडिलॅकचे हँडल मारताना जबड्याला झालेली इजा त्यांच्या जिवावर बेतली, अशी हकीकत मोटारविश्वात वर्षानुवर्षे सांगितली जाते. आपल्या गाडीने पुन्हा कोणाला इजा होऊ नये, या ध्यासाने लेलँड यांनी उपाय शोधायला लावला. डेटन येथील तरुण अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी दुकानातील गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवून दाखवले होते. थोडा वेळच, पण मोठी ताकद देणारी छोटी मोटर हे तेच तत्त्व त्यांनी गाडीला लावले. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला आणि कंपनीला दुसऱ्यांदा ड्यूअर ट्रॉफी मिळाली. हँडल गेल्यामुळे कोणालाही, विशेषतः महिलांना, स्वतः गाडी चालवणे सोपे झाले.

सप्टेंबर १९१४ मध्ये आठ सिलिंडरचे व्ही आकाराचे इंजिन असलेली कॅडिलॅक बाजारात आली. त्या धाटणीचे इंजिन मोठ्या संख्येने बनवून विकण्यात प्रथम यश आले ते याच गाडीला. किंमत होती १,९७५ डॉलर. आरंभी काही दोष निघाले आणि प्रतिस्पर्ध्यांनी त्यांचा गवगवा केला. त्याला उत्तर म्हणून जानेवारी १९१५ मध्ये थिओडोर मॅकमॅनस यांनी लिहिलेली जाहिरात एका साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. तीत गाडीचे चित्र नव्हते, वर्णन नव्हते, मजकुरात कॅडिलॅकचा उल्लेखही नव्हता. आघाडीवर असणाऱ्याला टीका सोसावीच लागते, एवढाच तिचा आशय. जाहिरातकलेच्या अभ्यासक्रमात आजही तिचा दाखला दिला जातो. उत्तम माल आणि तो विकण्याचे उत्तम कसब यांचा मेळ कॅडिलॅकमध्ये बसला होता. पुढच्या कंपनीत नेमका हाच मेळ बसला नाही.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सरकारला विमानांसाठी लिबर्टी नावाची इंजिने हवी होती. ती कॅडिलॅकमध्ये बनवावीत असा लेलँड यांचा आग्रह होता, पण ड्युरंट यांनी सुरुवातीला तयारी दाखवली नाही. वयाच्या ७४ व्या वर्षी लेलँड यांनी कॅडिलॅकवर पाणी सोडले. मुलाबरोबर नवी कंपनी काढली आणि तिला नाव दिले लिंकन. पहिले मत ज्यांना दिले, त्यांचेच नाव. या कंपनीने सहा हजारांहून अधिक इंजिने तयार केली.

शांतता झाली आणि कंत्राट संपले. हाताशी मोठा कारखाना आणि हजारो कामगार होते. लेलँड यांनी पुन्हा मोटार बनवायचे ठरवले. भांडवलासाठी ६५ लाख डॉलरचे शेअर काढले आणि ते तीन तासांत संपले. ही सारी लेलँड या नावाची पुण्याई होती. सप्टेंबर १९२० मध्ये लिंकन अवतरली. इंजिन अप्रतिम होते. बांधणी इतकी नेमकी, की जाणकारांनी तोंडात बोट घालावे. पण गाडीचे रूप जुनाट होते. बॉडीचे काम लेलँड यांचे जावई अँगस वुडब्रिज यांच्याकडे होते आणि त्यांची मूळ कारागिरी स्त्रियांच्या टोप्या बनवण्याची. पंधरा वर्षांपूर्वीची वाटावी अशी गाडी घ्यायला श्रीमंत ग्राहक पुढे येईना. त्यात मनासारखे माप येईपर्यंत गाडी बाहेर पाठवायची नाही, हा लेलँड यांचा हट्ट. मागण्या नोंदवलेल्यांनाही वाट पाहावी लागली. तेवढ्यात मंदीने बाजार गोठला आणि युद्धकाळातील नफ्यावरील कराची मोठी थकबाकी सरकारने मागितली. नोव्हेंबर १९२१ मध्ये कंपनी न्यायालयाने नेमलेल्या रिसिव्हरच्या ताब्यात गेली.

४ फेब्रुवारी १९२२ रोजी लिलाव झाला. न्यायालयाने किमान रक्कम ८० लाख डॉलर ठरवली होती. बोली एकच आली, ती हेन्री फोर्ड यांची. एका म्हाताऱ्या सज्जनाला फोर्ड यांनी तारले, या भावनेने डेट्रॉईट शहर हरखून गेले. लेलँड पिता-पुत्रांनी पूर्वीप्रमाणेच कारखाना चालवायचा, असे ठरल्याचे सर्वांनी गृहीत धरले. पण फोर्ड यांची माणसे कारखान्यात आली, परस्पर हुकूम सोडू लागली. वेग आणि खर्च यांचे त्यांचे गणित लेलँड यांच्या शिस्तीत बसणारे नव्हते. अवघ्या चार महिन्यांत, १० जून १९२२ रोजी, पिता-पुत्रांना बाहेर पडावे लागले. १९०२ मध्ये फोर्ड यांच्या कारखान्याची किंमत लेलँड यांनी ठरवली होती. १९२२ मध्ये लेलँड यांच्या कारखान्याची किंमत फोर्ड यांनी मोजली.

लेलँड यांना स्वतःच्या पदापेक्षा अधिक सलत होते ते भागधारकांचे नुकसान. केवळ त्यांच्या नावावर विसंबून लोकांनी पैसा गुंतवला होता. फोर्ड यांनी कंपनीच्या धनकोंची देणी भागवली, पण भागधारकांच्या हाती काही पडले नाही. त्यांचेही पैसे परत करण्याचे वचन फोर्ड यांनी दिले होते, असे लेलँड यांचे म्हणणे. फोर्ड यांना ते मान्य नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले आणि लेलँड हरले. आयुष्यभर इंचाचा हजारावा भागही मोजल्याशिवाय मान्य न करणाऱ्या या माणसाने सर्वांत मोठ्या सौद्यात मात्र तोंडी शब्दावर भिस्त ठेवली. मापावर त्यांचा जितका विश्वास होता, तितकाच माणसाच्या शब्दावरही होता. पहिल्याने त्यांना कीर्ती दिली. दुसऱ्याने उतारवयात मनस्ताप दिला.

लिंकनचे यंत्र फोर्ड यांनी फारसे बदलले नाही. त्याची गरजच नव्हती. बदलले ते रूप. फोर्ड यांचे पुत्र एडसेल रसिक होते. नामांकित बॉडी बनवणाऱ्यांकडून त्यांनी लिंकनला देखणे रूप दिले आणि तीच गाडी धनिकांच्या दारात उभी राहू लागली. राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांच्या कारकिर्दीत लिंकन त्यांच्या ताफ्यात दाखल झाली आणि पुढे अनेक राष्ट्राध्यक्षांनी ती वापरली. लेलँड यांना जे जमले नव्हते ते एडसेल यांना जमले. पण एडसेल यांनी सजवलेली गाडी आत लेलँड यांचीच होती.

२६ मार्च १९३२ रोजी डेट्रॉईटमध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, लेलँड यांचे निधन झाले. त्यांनी उभारलेल्या दोन्ही कंपन्या एव्हाना परक्यांच्या मालकीच्या होत्या. कॅडिलॅक आजही जनरल मोटर्सकडे आहे, लिंकन आजही फोर्डकडे. दोन्हींच्या नावाला जी पत मिळाली, ती जाहिरातीने वाढवली आणि सुंदर रूपाने सजवली हे खरे. पण तिचे मोल टिकले ते न दिसणाऱ्या मापांमुळे.

१९२० ते १९२२ या काळातील, तेव्हा गिऱ्हाईक न मिळालेल्या त्या जुनाट रूपाच्या गाड्यांना संग्राहक आता 'लेलँड लिंकन' म्हणून वेगळ्या ओळखतात. लेलँड यांनी आपल्या एकाही गाडीला स्वतःचे नाव दिले नव्हते. एकीला शहराच्या संस्थापकाचे, दुसरीला आवडत्या राष्ट्राध्यक्षाचे नाव दिले. जी गाडी विकता न आल्याने त्यांनी सर्वस्व गमावले, तिलाच अखेर त्यांचे नाव मिळाले.